नांगरापासून विधानसभेपर्यंत : विल्यम ओवेन बुश

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना जे राहून गेलं, ते इथे लिहिताना घातलं आहे.)



कमिटीनं यंदा आम्हांला आधीच बजावून ठेवलं होतं. दरवर्षी तुम्ही चवदार तळ्यावर बोलता, नाहीतर काळाराम मंदिराच्या सत्याग्रहावर बोलता, ते आता पोरांना पाठ झालं, यंदा काहीतरी नवीन सांगा. आम्ही म्हटलं, बरं. पण नवीन म्हणजे काय सांगणार? आम्ही पडलो सूतगिरणीतली माणसं. रिंगफ्रेमवर तुटलेला धागा सांधण्यात जन्म गेला. शिक्षण नववीपर्यंत, पुढचं सगळं ग्रंथालयात आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुटीत. तेव्हा आम्ही काही पंडित नव्हे, हे आधीच सांगतो.

तर झालं असं, की आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत बसून शिकलेला एक मुलगा पुढे शेतीचं शिक्षण घ्यायला अमेरिकेला गेला. वॉशिंग्टन राज्यात पुलमन म्हणून गाव आहे, तिथल्या विद्यापीठात. त्यानं फोनवर आम्हांला विचारलं, "काका, हे विद्यापीठ काढायचा कायदा झाला तेव्हा विधानसभेत एक काळा शेतकरी आमदार होता, तुम्हांला माहीत आहे का?" आम्हांला माहीत नव्हतं. मग त्यानं कागद पाठवले, आमच्या मुलीनं इंग्रजी वाचून दाखवलं, अडलं तिथे आम्ही डिक्शनरी घेऊन बसलो. दोन महिने हाच उद्योग. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

त्या माणसाचं नाव विल्यम ओवेन बुश. बापाचं नाव जॉर्ज बुश. हसू नका, तो दुसरा बुश, इराकवर बॉम्ब टाकणारा, तो हा नव्हे. त्या बुशचा आणि ह्या बुशचा काही संबंध नाही. हा जॉर्ज वॉशिंग्टन बुश, पेनसिल्वेनिया प्रांतातला, बाप आफ्रिकी वंशाचा, आई आयरिश. म्हणजे रंगानं काळ्यात जमा, पण गुलाम नव्हे, स्वतंत्र माणूस. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड तिथेच आहे. गुलाम नसला म्हणून तो माणसांत मोजला जात होता असं नाही. आपल्याकडेही कुणी साखळीनं बांधलेलं नव्हतं, पण पाणवठा बंदच होता ना?

जॉर्जनं उमेदीत जंगलात फरचा व्यापार केला, पश्चिमेकडचा मुलूख पायाखाली घातला, आणि मग मिसूरी प्रांतात शेती करू लागला. १८३१ साली त्यानं इझाबेला जेम्स नावाच्या जर्मन वंशाच्या गोऱ्या बाईशी लग्न केलं. मिसूरी हे गुलामगिरीचं राज्य. तिथे काळा नवरा आणि गोरी बायको! गावात कशा नजरा असतील, ते आंतरजातीय लग्न केलेल्या आपल्या पोरांना विचारा. ह्या जोडप्याचा थोरला मुलगा विल्यम. जन्म ४ जुलै १८३२. हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. म्हणजे देशाचा आणि पोराचा वाढदिवस एकच, पण त्या स्वातंत्र्यात पोराचा वाटा किती, हे अजून ठरायचं होतं. आपल्याकडे तेव्हा जोतिबा पाच वर्षांचे होते.

१८४४ साल उजाडलं. पश्चिमेला ओरेगन नावाच्या मुलखात मोकळी जमीन आहे अशी हाकाटी झाली होती. मिसूरीत काळ्यांना दिवसेंदिवस जगणं मुश्कील झालं होतं. जॉर्जनं ठरवलं, इथून निघायचं. बायको, पाच मुलं, बैलगाड्या, बियाणं, रोपं, हत्यारं, सगळं घेतलं. सांगतात की गाडीला दुहेरी तळ करून त्यानं मधे चांदीची नाणी दडवली होती. खरं-खोटं माहीत नाही, पण त्याच्याकडे पैका होता हे खरं, कारण बरोबर निघालेल्या गोऱ्या कुटुंबांपैकी काहींचा खर्च त्यानंच उचलला. मायकेल सिमन्स नावाचा गोरा माणूस त्याचा जोडीदार. पाच कुटुंबं, तीस-बत्तीस माणसं. विल्यम बारा वर्षांचा. दोन हजार मैलांची वाट, बैलांच्या पावलानं. आपल्याकडे ऊसतोडीला जाताना गाडीच्या मागं चालणारी पोरं बघितलीत ना? तसं हे पोर जवळजवळ सहा महिने चाललं.

वाटेत जॉर्ज एका सोबत्याजवळ बोलला, आणि त्या सोबत्यानं पुढे ते लिहून ठेवलं. बोलण्याचा मतलब असा की, ओरेगनमध्ये मला माणसाचे हक्क मिळाले नाहीत तर मी तिथे थांबणार नाही, मेक्सिकोच्या राज्यात जाईन. बघा, ज्या देशात जन्मला त्याच देशात हक्क मागताना माणसाला दुसऱ्या देशाचा रस्ता आधी शोधून ठेवावा लागतो.

आणि त्याची भीती खोटी नव्हती. हे लोक मे महिन्यात निघाले. ते वाटेत असतानाच, जून १८४४ मध्ये, ओरेगनच्या हंगामी सरकारनं एक कायदा केला. कायद्याचा पहिला भाग चांगला होता : इथे गुलामगिरी चालणार नाही. टाळ्या वाजवाव्या असा. दुसरा भाग असा, की काळ्या माणसानं ह्या मुलखात राहायचं नाही. पुरुषाला दोन वर्षांची मुदत, बाईला तीन वर्षांची. मुदतीत गेला नाही तर उघड्या पाठीवर चाबकाचे फटके, वीसपेक्षा कमी नाहीत आणि एकोणचाळीसपेक्षा जास्त नाहीत. आणि एकदा मारून भागलं नाही, तर दर सहा महिन्यांनी पुन्हा. "लॅश लॉ" म्हणतात त्याला, चाबकाचा कायदा. हा कायदा पुढे आणणारा पीटर बर्नेट नंतर कॅलिफोर्निया राज्याचा पहिला गव्हर्नर झाला. अशा माणसांची बढती कुठे थांबत नाही.

आम्ही ह्या कायद्यावर बराच वेळ अडून बसलो होतो. गुलामगिरी नको आणि काळाही नको. म्हणजे ह्यांचा राग गुलामगिरीवर नव्हता, माणसावर होता. खेड्यात आमच्या लहानपणी एक सवर्ण मास्तर शिवाशिव पाळू नये म्हणून भाषण करायचे आणि आम्हांला दारातून पाणी वरून ओतायचे. त्यांची आठवण झाली. मास्तर तसे मनानं चांगलेच होते, आम्हांला पाटी त्यांनीच दिली. हे असलं गणित कसं सोडवायचं ते आम्हांला अजून कळलेलं नाही.

फटक्यांचं कलम डिसेंबरात बदललं, त्याच्या जागी सक्तमजुरी घातली, आणि पुढल्या वर्षी तो कायदाच रद्द झाला. कुणाला प्रत्यक्षात फटके मारल्याचं ऐकिवात नाही. पण बुश मंडळी शरदात तिथे पोचली तेव्हा कायदा उभा होता. मग काय करायचं? कोलंबिया नदीच्या दक्षिणेला हंगामी सरकारची सत्ता. नदीच्या उत्तरेला ब्रिटिशांच्या हडसन्स बे कंपनीचा अंमल, तिथे हा कायदा पोचत नव्हता. सुपीक म्हणून ज्याची ख्याती ते विल्यमेट खोरं दक्षिणेला, आणि उत्तरेला घनदाट जंगल. जॉर्जनं उत्तर धरली. आणि इथे आम्हांला एका गोष्टीचं अगत्यानं सांगावंसं वाटतं. बरोबरची गोरी कुटुंबंही त्याच्याबरोबर उत्तरेला गेली. त्यांना दक्षिणेला कुणी अडवलं नसतं. पण ती गेली. सिमन्स गेला, मॅक्अलिस्टर गेला. एका काळ्या माणसापायी पाच कुटुंबांनी वाट बदलली, आणि त्यामुळे प्युजेट साउंड नावाच्या खाडीकाठी अमेरिकन वस्ती पडली. पुढे सीमा ठरवताना ह्या वस्तीचा अमेरिकेला उपयोग झाला, असं तिथले लोक म्हणतात. १८४६ साली तह झाला आणि तो मुलूख अमेरिकेकडे आला. म्हणजे ज्याला हाकललं त्यानंच देशाची हद्द वाढवायला हात लावला. आणि हद्द वाढली तसे तिकडचे कायदेही मागोमाग आलेच.

नोव्हेंबर १८४५ मध्ये हे लोक तिथे स्थिर झाले. गावाचं नाव आधी न्यू मार्केट, आता टमवॉटर. बुशनं जो माळ धरला त्याला आजही बुश प्रेअरी म्हणतात, म्हणजे बुशचा माळ. पहिला हिवाळा कठीण गेला. कंपनीच्या फोर्ट निस्क्वालीतून गहू, वाटाणे, बटाटे, थोडी जनावरं उधारीवर मिळाली. देवदाराच्या लाकडाच्या फळ्या पाडून त्यांनी ते देणं फेडलं. नंतर पिठाची चक्की झाली, लाकूड कापायची गिरणी झाली, त्यात बुशचा पैसा होता. बारा-तेरा वर्षांचा विल्यम ह्या सगळ्यात बापाच्या मागं राबत होता. शेती तो तिथे शिकला. शाळा नव्हतीच. आणि शेजारच्या निस्क्वाली आदिवासींची भाषाही त्या घरानं शिकून घेतली. १८४७-४८ मध्ये गोवराची साथ आली, आदिवासींत माणसं पटापट मरू लागली, तेव्हा बुशच्या घरानं त्यांची शुश्रूषा केली.

१८५२ च्या सुमाराची गोष्ट एझ्रा मीकर नावाच्या त्याच काळातल्या वसाहतकऱ्यानं लिहून ठेवली आहे. नवे लोक फार आले होते, धान्य कमी, भाव आभाळाला. व्यापारी बुशच्या दारात आले, सगळं पीक एकरकमी घेतो म्हणाले. बुशनं विकलं नाही. नव्यानं आलेल्यांना बियाण्यापुरतं, खाण्यापुरतं दिलं. जमेल तेव्हा परत करा म्हणाला. ह्या नव्यानं आलेल्यांत सगळे गोरे, आणि त्यांतले किती जण चाबकाच्या कायद्याच्या बाजूचे असतील कुणास ठाऊक. आम्ही असतो तर दिलं असतं का? खरं सांगायचं तर आम्हांला खात्री नाही.

आता मुद्द्याचं. जमीन कसली, घर बांधलं, गावाला जेवू घातलं. पण जमीन कुणाच्या नावावर? १८५० साली अमेरिकेच्या काँग्रेसनं (काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आपला पक्ष नव्हे) जमीनवाटपाचा कायदा केला. जोडप्याला ६४० एकर. पण फक्त गोऱ्यांना, आणि गोऱ्या-आदिवासी मिश्र संततीला. काळ्याला नाही. पाच वर्षं घाम गाळलेला माळ, आणि उद्या कुणीही गोरा येऊन म्हणू शकत होता, ऊठ, ही माझी.

हे वाचताना आम्ही कागद खाली ठेवला. आमच्या वडिलांनी गावच्या गायरानातला तुकडा कसला होता. दगड वेचून बांध घातला. दरवर्षी तलाठी यायचा आणि अतिक्रमण म्हणून दंड करायचा. वडील दंड भरायचे आणि पावती जपून ठेवायचे. लोक हसायचे, अरे दंडाच्या पावत्या काय जपतोस? वडील म्हणायचे, ह्याच्यावर माझं नाव आहे. सरकारनं दुसऱ्या कुठल्या कागदावर माझं नाव लिहिलंय? १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला ओ देऊन ते तुरुंगातही जाऊन आले. त्या पावत्या पत्र्याच्या पेटीत आमच्याकडे अजून आहेत. तालुक्याच्या एका कचेरीत आम्ही त्या तीन वेळा दाखवल्या. तिन्ही वेळा साहेब बदललेले होते. असो. ह्या विहाराच्या जागेच्या उताऱ्याचं काय चाललंय ते कमिटीला माहीत आहे, आज आनंदाच्या दिवशी आम्ही ते काढत नाही.

बुशचं काय झालं? शेजारी उभे राहिले. १८५३ मध्ये वॉशिंग्टन हा वेगळा प्रदेश झाला, १८५४ साली त्याचं पहिलं विधिमंडळ बसलं, आणि त्यानं काँग्रेसला अर्ज केला की ह्या माणसाला जमीन मिळाली पाहिजे. १० फेब्रुवारी १८५५ ला काँग्रेसनं खास एका कुटुंबासाठी कायदा केला आणि ६४० एकर त्याच्या नावावर झाली. एक चौरस मैल. आनंदाची गोष्ट. पण विचार करा, चांगल्या वागणुकीचं सर्टिफिकेट देऊन एका माणसाला हक्क मिळाला. ज्यानं गावाला धान्य वाटलं नव्हतं, ज्याला सिमन्ससारखा मित्र नव्हता, अशा काळ्याला काय मिळालं? हक्क आणि मेहेरबानी ह्यांत जो फरक बाबासाहेबांनी आपल्याला जन्मभर समजावला तो हाच. आणि जमीन मिळाली तरी मत नाही. १८५७ साली सुप्रीम कोर्टानं ड्रेड स्कॉट खटल्यात सांगून टाकलं की काळा हा नागरिकच नव्हे. १ जानेवारी १८६३ ला लिंकननं बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त केल्याचं जाहीर केलं. ५ एप्रिलला जॉर्ज बुश वारला. एकदाही मत न देता.

इथे आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर आमची कहाणी लबाडीची होईल. तो माळ मोकळा नव्हता. निस्क्वाली लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. २६ डिसेंबर १८५४ ला गव्हर्नर स्टीव्हन्सनं मेडिसिन क्रीकच्या काठी त्यांच्याकडून तह करून घेतला, आणि सबंध निस्क्वाली जमातीला किती जागा ठेवली? १२८० एकर. एका बुश कुटुंबाला ६४०, आणि आख्ख्या जमातीला त्याच्या दुप्पट, तीही नदीपासून वर, खडकाळ. मग लढाई झाली, १८५५-५६. त्यात बुशबरोबर आलेला मॅक्अलिस्टर मारला गेला. निस्क्वालींचा पुढारी लेशी पकडला गेला आणि फेब्रुवारी १८५८ मध्ये त्याला फाशी दिली. २००४ साली तिथल्या न्यायाधीशांच्या एका खास ऐतिहासिक न्यायसभेनं लेशी निर्दोष होता असं सांगितलं. एकशे सेहेचाळीस वर्षांनी! विल्यम बुशनं मात्र म्हातारपणी मीकरला स्वच्छ सांगितलं होतं की लेशीसारखा मित्र आमच्या घराला दुसरा नव्हता. गोऱ्यांच्या गावात राहून हे बोलायला धमक लागते. पण ज्याला जमीन नाकारली जात होती तो दुसऱ्याच्या जमिनीवर उभा होता, हेही खरं. आम्ही दोन्ही सांगितलं. जुळवून घ्यायचं काम ऐकणाऱ्याचं.

आता मुलाकडे येतो. विल्यमनं १८५९ साली मँडाना किम्सी हिच्याशी लग्न केलं, काही वर्षं दुसऱ्या माळावर शेती केली आणि आईबापांच्या मागं, १८७० च्या सुमाराला, बुशच्या माळावर परत आला. त्याच साली पंधरावी घटनादुरुस्ती झाली आणि काळ्या पुरुषांना मताचा अधिकार मिळाला. बाप मेल्यावर सात वर्षांनी.

विल्यम नुसता पोटापुरतं पिकवणारा शेतकरी नव्हता. बियाणं निवडायचं, गहू सुधारायचा, वाण वेगवेगळे लावून बघायचे, हा त्याचा नाद. शेतमालाची प्रदर्शनं भरवणाऱ्या तिथल्या संस्थेतही तो पुढे होता. १८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियाला जंगी प्रदर्शन भरलं. जगभरचा माल तिथे आला होता. विल्यमनं आपला गहू पाठवला आणि त्याला बक्षीस मिळालं. फिलाडेल्फिया कुठे आहे? पेनसिल्वेनियात. बाप त्याच प्रांतात जन्मला होता. तिथून हजारो मैल लांब, जंगल तोडून केलेल्या शेतातला गहू परत त्याच प्रांतात गेला आणि पहिल्यांत बसला. विल्यम तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा. आमच्या मुलीनं हे वाचलं आणि म्हणाली, "बाबा, गव्हाला जात विचारली नाही वाटतं." आम्ही म्हटलं, गव्हाला नाही विचारली, म्हणून तर गहू आधी पोचला.

ह्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? १८७३ साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं. ते पुस्तक त्यांनी अर्पण कुणाला केलं, ठाऊक आहे ना? अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी कष्ट घेतले, त्यांना. (जुन्या पुस्तकांत निग्रो हाच शब्द आहे, आता तो त्यांना आवडत नाही, आपणही टाळावा.) पुण्यात बसून जोतिबांची नजर तिकडे होती. आणि १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांना शेतीचं शास्त्रशुद्ध शिक्षण द्या म्हणून सरकारला बजावलं. ते ध्यानात ठेवा, आत्ताच लागणार आहे.

१८८९ साली वॉशिंग्टनला पूर्ण राज्याचा दर्जा मिळायचा होता. १ ऑक्टोबरला निवडणूक झाली. थर्स्टन परगण्यातून रिपब्लिकन पक्षातर्फे विल्यम बुश निवडून आला. खालच्या सभागृहात सत्तर सभासद, त्यांत हा एकटा काळा. नोव्हेंबरात ऑलिंपिया ह्या राजधानीत सभागृह बसलं. ऑलिंपिया टमवॉटरला लागूनच. म्हणजे बारा वर्षांचं जे पोर चाबकाच्या कायद्यापायी ह्या जंगलात आलं, ते सत्तावन्नाव्या वर्षी त्याच जंगलाच्या राजधानीत कायदा करायला बसलं. त्याला निवडून देणारे बहुतेक सगळे गोरे शेतकरी. राखीव जागा तिथे नव्हती. आमचे काही तरुण मित्र लगेच विचारतील, मग आपल्याला राखीव जागा कशाला? बाबांनो, सत्तरांत एकच होता, त्यातच उत्तर आलं. बापाच्या आणि पोराच्या चव्वेचाळीस वर्षांच्या पुण्याईवर एक माणूस आत गेला. पुण्याई नसलेले बाहेरच राहिले.

बायांचं काय, असं आमच्या घरातून विचारलं गेलं. वॉशिंग्टन प्रदेशात बायकांना १८८३ साली मत मिळालं होतं, ते कोर्टानं काढून घेतलं, आणि ज्या निवडणुकीत विल्यम आला त्याच दिवशी पुरुषांनी मतदान करून बायकांच्या मताला नकार दिला. तेव्हा मँडाना आपल्या नवऱ्याला मत देऊ शकली नाही. ते व्हायला १९१० उजाडलं.

सभागृहात त्यानं काय केलं? भाषणं गाजवली असं कुठे दिसत नाही. पण राज्यात शेतकी महाविद्यालय काढण्याचा कायदा आणण्यात त्याचा हात होता. २८ मार्च १८९० ला तो कायदा झाला, १८९२ च्या जानेवारीत पुलमनला महाविद्यालय सुरू झालं, आणि तेच आजचं वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी. जोतिबा इकडे मागत होते, विल्यम तिकडे करत होता, आणि दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नव्हतं. जोतिबा गेले तेही १८९० सालीच. त्याच पहिल्या विधिमंडळानं सार्वजनिक ठिकाणी, खाणावळीत, गाडीत, नाटकघरात माणसामाणसांत रंगावरून भेद करू नये असाही कायदा केला. कायदा कागदावर आला, पाळला किती गेला ते वेगळं. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ ला झाला आणि पाण्याला हात लावायला आपल्याला १९२७ साली महाडला जावं लागलं, तसंच ते.

१८९३ साली शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. विल्यमचं धान्य तिथेही गेलं. ह्या प्रदर्शनाच्या निमित्तानं सर्वधर्म परिषद झाली, आणि तिथे अनागरिक धर्मपालांनी बुद्ध धम्म सांगितला, हे भन्तेजींनी आपल्याला सांगितलेलं आहे. पण ह्याच प्रदर्शनात काळ्यांना जागा दिली नाही म्हणून फ्रेडरिक डग्लस आणि आयडा वेल्स ह्यांनी पत्रक छापून वाटलं होतं. म्हणजे एका दालनात मैत्रीचा उपदेश, एका दालनात विल्यमचा गहू, आणि दाराशी डग्लसचं पत्रक. आम्हांला त्या दिवशी तिथे फिरून बघायला आवडलं असतं.

विल्यम ओवेन बुश १३ फेब्रुवारी १९०७ ला वारला. सहा वर्षांनी, १९१३ साली, बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. (कोलंबिया नदी ती वेगळी, अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला.) काळ्यांचा प्रश्न त्यांनी तिथे अभ्यासला, आणि १९४६ साली ड्यू बॉइस ह्या काळ्या विद्वानाला पत्र लिहून सांगितलं की अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती फार सारखी आहे. ड्यू बॉइसचं उत्तरही आलं. ओरेगनच्या राज्यघटनेत मात्र काळ्यांना बंदी घालणारं कलम १८५७ पासून होतं, ते १९२६ साली निघालं. बाबासाहेब बॅरिस्टर होऊन परत आले होते तरी ते कलम तिथेच होतं!

१९७३ साली जेकब लॉरेन्स ह्या काळ्या चित्रकारानं बुश कुटुंबाच्या प्रवासावर पाच चित्रं काढली. २०२१ साली ऑलिंपियात, विधानभवनाच्या आवारात, जॉर्ज आणि इझाबेला बुश ह्यांचं स्मारक झालं. आणि एक झाडाची गोष्ट. मिसूरीहून येताना जॉर्जनं अक्रोडाच्या जातीचं बी आणलं होतं, ते १८४५ साली माळावर लावलं. ते झाड दीडशे वर्षांहून जास्त उभं होतं. माळावर पुढे विमानतळ झाला, पण झाड होतं. त्याच्याच बियाण्याचं एक रोप विधानभवनाच्या आवारात लावलं आहे.

त्या रोपाचा फोटो आपल्या मुलानं पाठवला आहे. आम्ही तो मोठा करून आणलाय, इथे टेबलावर ठेवतो, जाताना बघा. अभ्यासिकेच्या भिंतीला लावायचा की नाही ते कमिटीनं ठरवावं. खिळा आम्ही घरून आणू.

जयभीम.